विद्वानांची श्रद्धा आणि आपली श्रद्धा

विद्वान माणसाची श्रद्धा अडाण्याच्या श्रद्धेपेक्षा अधिक खरी असते काय? प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु आपल्या घरांतून तो निरनिराळ्या रूपांनी येतो आणि उत्तर देताना आईबापांची त्रेधा उडते. मुलगा शाळेत न्यूटन शिकून येतो, पुढे युनिव्हर्सिटीत पास्कलचे नाव ऐकतो, आणि विचारतो, "एवढे बुद्धिमान लोक ख्रिस्ती होते. मग त्यांच्या धर्मात काही तथ्य असलेच पाहिजे ना?" त्याचाच भाऊ नेमके उलट विचारतो, "शिकलेली माणसे देवधर्म मानीत नाहीत. मग न्यूटनसारखा माणूस त्या नादी कसा लागला?" पहिला विद्वत्तेला श्रद्धेचे सर्टिफिकेट समजतो, दुसरा श्रद्धेला विद्वत्तेवरचा डाग समजतो. दोघांनीही एकच गोष्ट धरून चालली आहे, ती अशी की बुद्धी वाढत गेली म्हणजे ती माणसाला श्रद्धेच्या बाबतीत एका ठरलेल्या मुक्कामाला नेऊन पोचविते.

पुष्कळ वर्षे मुलांना शिकविल्यावर माझे मत असे झाले आहे की हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे. आणि ते तपासावयास आपण बेने इस्राएल लोक चांगल्या जागी उभे आहोत. ख्रिस्ती विद्वानांचे मोठे ऋण आणि ख्रिस्ती धर्माला नम्र पण ठाम नकार, या दोन्ही गोष्टी आपल्या इतिहासात शेजारी शेजारी नांदल्या आहेत.

आपले पूर्वज कोकणातल्या गावांतून तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्यापाशी हिब्रू ग्रंथ उरले नव्हते, हिब्रू वाचता येत नव्हते. उरले होते ते एवढेच: शेमाचे शब्द, शब्बाथ, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि काही सण व उपास. आता कोणी मला सांगावे, ही श्रद्धा कोणत्या विद्वानाच्या आधारावर उभी होती? कोणत्याही नाही. घाण्याच्या बैलामागे फिरणाऱ्या माणसाने ती सांभाळली, आणि चुलीपाशी बसणाऱ्या बाईने सांभाळली. विद्येवाचून श्रद्धा शतकानुशतके जगू शकते, याचा पुरावा शोधावयास आपल्याला कोठे दूर जावयास नको.

मग एकोणिसाव्या शतकात विद्या आली, आणि ती पुष्कळ अंशी ख्रिस्ती माणसांच्या हातून आली. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले आणि त्यांनी मराठी शाळा काढल्या. स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये आले. चौपाटीवरून जाणाऱ्या प्रत्येक मुंबईकराने ज्यांच्या नावाचे कॉलेज पाहिले आहे, तेच हे विल्सन. ते काही केवळ प्रवचन झोडणारे पाद्री नव्हते. त्यांना अनेक भाषा येत. पारशी धर्मावर त्यांनी १८४३ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. पुढे मुंबई युनिव्हर्सिटीचे व्हाइस-चॅन्सेलरपदही त्यांनी सांभाळले. अशा माणसाने १८३२ मध्ये आपल्या लोकांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले.

त्यांचा हेतू त्यांनी कधी लपविला नाही. बेने इस्राएल लोक एकदा आपले मूळ ग्रंथ वाचू लागले, की त्यांना त्यात ख्रिस्तच माशियाह म्हणून दिसेल, अशी त्यांची मनापासून समजूत होती. स्वतःला तो दिसला होता, म्हणून इतरांसही दिसेल असे त्यांना वाटले. त्यांच्या शाळेतील दोन पारशी विद्यार्थ्यांनी १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुंबईत केवढी खळबळ उडाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि कितीतरी पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली.

पण आपल्या लोकांत काय घडले? फार थोड्यांनी धर्म बदलला. बाकीच्यांनी व्याकरण घेतले, मराठीतून छापलेला जुना करार घेतला, शाळा घेतल्या, आणि त्या विद्येच्या बळावर आपल्याच सिनेगॉगकडे अधिक डोळसपणे पाहू लागले. १८४६ मध्ये पेसाहची हागादा मराठी अर्थासह मुंबईत छापली गेली. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेत सुमारे चाळीस वर्षे मुख्याध्यापकी केली, प्रार्थनेची पुस्तके एकामागून एक मराठीत आणली, आणि मुंबई युनिव्हर्सिटीने त्यांना हिब्रूचे परीक्षक नेमले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये समाजाची स्वतःची शाळा काढली. दिवा दुसऱ्याने लावून दिला. त्या उजेडात आपल्या लोकांनी आपलेच घर पाहिले.

यात कोणी कोणाला फसविले असे मी मानीत नाही. विल्सनसाहेबांनी प्रामाणिकपणे शिकविले, आपल्या लोकांनी प्रामाणिकपणे शिकून घेतले. मात्र एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. क्रियापदाचे रूप कोणी शिकविले यावर ते बरोबर की चूक हे ठरत नाही. आणि शिकविणाऱ्याचे व्याकरण बरोबर आहे म्हणून त्याची श्रद्धाही बरोबर, असेही ठरत नाही. आपल्या पूर्वजांनी हा भेद तर्कशास्त्राचे पुस्तक न वाचता ओळखला.

हा भेद आपल्या शास्त्रांनाही ठाऊक होता. एखा रब्बा या मिद्राशात असा विचार आहे की इतर राष्ट्रांत ज्ञान आहे असे कोणी सांगितले तर ते खरे मानावे. परंतु तेथे तोरा आहे असे सांगितले तर ते मानू नये. म्हणजे होखमा निराळी आणि तोरा निराळी. होखमा साऱ्या मानवजातीची. तोरा म्हणजे कसे जगावे याचा करार, आणि करार हा ज्याचा त्याचा असतो. याहून सुंदर गोष्ट म्हणजे आपल्याकडे परराष्ट्रातील मोठा विद्वान दृष्टीस पडला तर म्हणावयाची एक ब्राखा आहे. परमेश्वराने आपल्या ज्ञानातून रक्तामांसाच्या माणसाला दिले, याबद्दल ती ब्राखा परमेश्वराचे आभार मानते. त्या विद्वानाची श्रद्धा कोणती हे ती विचारीत नाही. तोराच्या विद्वानासाठी ब्राखा वेगळी आहे. ज्यांनी या दोन ब्राखा वेगळ्या ठेवल्या त्यांना आदर आणि अनुसरण यांतले अंतर चांगले कळत होते. रांबामने तर सांगूनच ठेवले आहे की सत्य जो सांगेल त्याच्याकडून ते घ्यावे; आणि ग्रीक व अरब तत्त्वज्ञांकडून त्याने ते घेतलेही. पण म्हणून तो ग्रीक झाला नाही.

येथे कोणी म्हणेल, "बाई, मग विद्या आणि श्रद्धा यांचा एकमेकींशी काहीच संबंध नाही काय?" संबंध आहे. पण तो मुलांना वाटतो तसा नाही. तो कसा आहे हे पाहण्यासाठी आपल्या महाराष्ट्रातल्याच एका बाईंचे चरित्र पुरेसे आहे.

पंडिता रमाबाई १८५८ मध्ये जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले, आणि आईने मुलीला. दुष्काळात आईबाप गेले. भावाबरोबर पायी देश तुडवीत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचल्या, तेव्हा तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे लग्न झाले, दोन वर्षांच्या आत वैधव्य आले, आणि लहान मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. तेथे सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

झाले! इकडे पुण्यात काहींनी म्हटले, एवढी विदुषी, आणि तिची बुद्धी फिरली. तिकडे काहींना वाटले, एवढी विदुषी आमच्याकडे आली, म्हणजे आमचा धर्म जिंकला. दोन्हीकडच्या लोकांना त्या बाईची विद्वत्ता आपल्या पारड्यात हवी होती. पण रमाबाईंनी स्वतः सांगितलेली हकीकत निराळी आहे. त्यांच्या मनावर परिणाम झाला तो एखाद्या वादातल्या मुद्द्याचा नव्हे. लंडनजवळ फुलम येथे ख्रिस्ती भगिनी वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांची सेवा करीत होत्या. ते त्यांनी पाहिले. टाकलेल्या बाईला कोणी जवळ घेते, ही गोष्ट त्या विधवेच्या काळजाला जाऊन भिडली. बुद्धीने त्यांना दारापर्यंत आणले असेल, पण दार उघडले ते करुणेने.

आणि दार उघडल्यावर बुद्धी गप्प बसली काय? मुळीच नाही. त्यांचा पत्रव्यवहार पुढे १९७७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात त्या आपल्या गुरुभगिनींशी आणि बिशपांशी सारख्या भांडताना दिसतात. त्रैक्याचे तत्त्व का मानावे? धर्मगुरू सांगतात एवढ्यासाठी मी एखादी गोष्ट खरी का समजावी? ब्राह्मणांचे जोखड काढून टाकले ते पाद्र्यांचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, असा त्यांचा रोख होता. आपली विद्वत्ता त्यांनी नव्या धर्माच्या पायाशी गहाण टाकली नाही. उलट, धर्माला तिच्यासमोर रोज हजेरी द्यावी लागली.

पुढे केडगावला त्यांनी विधवा आणि अनाथ मुलींसाठी मुक्तिसदन उभे केले, आणि उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीत, घरच्या बायकांना कळेल अशा भाषेत भाषांतर करावयास घेतले. काम पुरे करून १९२२ मध्ये त्या वारल्या. पुस्तक १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या मोशे रबेनूची भाषा एका कोकणस्थ शास्त्र्याच्या मुलीने म्हातारपणी शिकावी, यासाठी आपण तिला काय द्यावे? मी म्हणेन, ती ब्राखा द्यावी, आणि मनापासून द्यावी. तिच्या निर्णयामागे जावयास मात्र कोणी आपल्याला सांगितलेले नाही.

आता मुलांचा आवडता न्यूटन घेऊ. न्यूटनने गणितापेक्षाही कदाचित अधिक कागद धर्मविषयक लिखाणाने भरले आहेत. त्यांचा मोठा भाग १९३६ मध्ये लंडनच्या लिलावातून विखुरला गेला. यरुशलायममध्ये जन्मलेले विद्वान अव्राहाम शालोम यहूदा यांनी पुष्कळ कागद मिळविले, आणि ते आज यरुशलायमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. शलोमोच्या मंदिराची मापे, दानिएलाची भविष्ये, हे सारे त्यात आहे. पण आणखीही एक गोष्ट आहे. न्यूटनला त्रैक्याचे मत पटत नव्हते. शास्त्र वाचून वाचून त्याने ते मनातून सोडून दिले होते, आणि उघड बोलला असता तर जागा गेली असती म्हणून तो जन्मभर त्याबाबत मौन पाळून राहिला. ज्या कॉलेजात तो शिकवीत होता त्याचे नाव ट्रिनिटी, म्हणजे त्रैक्यच! तेव्हा "न्यूटन ख्रिस्ती होता" एवढे वाक्य मुलासमोर टाकून भागत नाही. कोणत्या अर्थाने, कोणत्या प्रश्नांसह, हे सांगावे लागते. सर्टिफिकेट म्हणून पुढे केलेला कागद उघडून पाहिला तर त्यात प्रश्नच प्रश्न लिहिलेले निघतात.

दुसरे उदाहरण बेल्जियमचे पाद्री जॉर्ज लमेत्र यांचे. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ मध्ये गणिताने मांडले, आणि १९३१ मध्ये विश्वाचा आरंभ एका मूळ अणूपासून झाला असावा अशी कल्पना सुचविली. पुढे १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या नव्या विज्ञानाने बेरेशीथमधल्या निर्मितीला जणू साक्ष मिळाली असे सूचित केले. दुसरा कोणी पाद्री असता तर हुरळून गेला असता. लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. विज्ञानाचा सिद्धांत उद्या बदलू शकतो, त्याला धर्माचा खांब करू नये, असे त्यांचे म्हणणे होते, आणि पोपने पुन्हा तसे बोलू नये म्हणून त्यांनी खटपट केली. सकाळी प्रार्थना आणि दुपारी गणित, दोन्ही मनापासून. पण एकाची उसनवारी दुसऱ्यासाठी नाही. श्रद्धावान विद्वान कसा असावा याचा हा नमुना मला फार मोलाचा वाटतो.

पास्कलचेही तेच. सतराव्या शतकातला हा असामान्य गणिती. नोव्हेंबर १६५४ मधल्या एका रात्री त्याला जो अनुभव आला तो त्याने कागदावर टिपून कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला होता. तो मेल्यावर सापडला. त्या कागदावर तत्त्वज्ञांच्या आणि पंडितांच्या देवाला बाजूला सारून त्याने अव्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्या देवाचे नाव लिहिले होते. एवढा मोठा गणिती, पण देवाकडे जाताना त्याने भूमिती बरोबर नेली नाही.

या सर्वांहून आपल्या मनाला अधिक टोचणारे उदाहरण आपल्याच लोकांतले आहे. जर्मनीत एकाच पिढीत दोन बुद्धिमान यहुदी माणसे होऊन गेली. फ्रान्झ रोझेनत्स्वाइग १९१३ मध्ये ख्रिस्ती होण्याच्या उंबरठ्यावर उभा होता. असे सांगतात की त्या वर्षी बर्लिनच्या एका साध्या सिनेगॉगमध्ये किप्पूरचा दिवस काढून तो बाहेर आला तो यहुदीच राहण्याचे ठरवून, आणि पुढे त्याने यहुदी धर्मावर विसाव्या शतकातला एक मोठा ग्रंथ लिहिला. एडिथ श्टाइन १८९१ मध्ये किप्पूरच्याच दिवशी जन्मली, हुस्सर्लसारख्या तत्त्वज्ञाच्या हाताखाली शिकली, १९२२ मध्ये कॅथलिक झाली आणि पुढे मठात गेली. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी तिला ऑशविट्झला नेऊन मारले, ते यहुदी रक्ताची म्हणून. १९९८ मध्ये पोपने तिला संतपद दिले तेव्हा पुष्कळ यहुदी मने दुखावली, आणि ती का दुखावली हे समजण्यासारखे आहे.

दोघांची बुद्धी सारखीच तल्लख, दोघांचे शिक्षण एकाच तऱ्हेचे, दोघांचा प्रामाणिकपणा निःसंशय. एक परत आला, एक निघून गेली. बुद्धीच जर रस्ता ठरवीत असती तर दोघे एका ठिकाणी पोचावयास हवे होते. आणि ज्यांनी एडिथला मारण्याची यंत्रणा आखली ते कोण होते? २० जानेवारी १९४२ रोजी वान्झे येथे आपल्या लोकांच्या संहाराची व्यवस्था लावण्यास जे पंधरा जण बसले, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक डॉक्टरेट मिळविलेले होते. विद्या त्यांच्यापाशीही होती. बहुतेकांचा बाप्तिस्माही लहानपणी झालेला असणार. ज्याला विद्येच्या किंवा धर्माच्या नुसत्या नावाने माणूस तोलावयाचा असेल त्याने हे पंधरा जण आठवावेत.

तर मग विद्येचे काम काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे ते असे. विद्या श्रद्धेला जन्म देत नाही. घाण्यावरच्या तेल्याने ते दाखवून दिले. विद्या श्रद्धेला मारीतही नाही. विल्सनसाहेबांच्या व्याकरणाने आणि राजपूरकरांच्या आयुष्याने ते दाखवून दिले. विद्या श्रद्धेला भाषा देते, आणि तिला खोटे बोलू देत नाही. रमाबाईंनी बिशपला प्रश्न विचारले, लमेत्रने पोपला थांबविले, न्यूटनने निदान स्वतःच्या वहीत तरी खरे लिहिले. या माणसांचा मोठेपणा ती ख्रिस्ती होती यात नाही, आणि ती ख्रिस्ती होती म्हणून तो कमीही होत नाही. आपल्या श्रद्धेला त्यांनी विद्येच्या उजेडात उभे केले, यात तो आहे.

म्हणून समाजबंधू-भगिनींनो, मुलाने न्यूटनचे नाव घेऊन प्रश्न विचारला तर त्याला दटावू नका, आणि "आपल्याकडेही आइन्स्टाइन होता" असे सांगून वेळही मारून नेऊ नका. विद्वानांची अशी मोजदाद केल्याने आपलाही धर्म सर्टिफिकिटावर उभा राहतो. त्याला न्यूटनची पूर्ण हकीकत सांगा. आपल्या तेल्यांची सांगा. मग त्याला विचारा, तुझ्यापाशी जी विद्या आहे तिच्यासमोर तुझी स्वतःची श्रद्धा उभी राहते का, आणि उभी राहत नसेल तर तू ती समजून घेण्याचा किती प्रयत्न केलास? आजोबांना पुस्तक नव्हते म्हणून त्यांना शेमावर भागवावे लागले. आपल्या मुलांच्या हाताशी आज सारी पुस्तके आहेत, हिब्रू तर त्यांची रस्त्यावरची भाषा आहे. त्यांनी दुसऱ्याच्या विद्वत्तेकडे पाहून धर्म धरावा किंवा सोडावा, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. स्वतः वाचावे, स्वतः विचारावे, आणि मग जे शेमा म्हणतील ते स्वतःच्या तोंडाने म्हणावे.